कारणे, परिणाम आणि तीन गुण

दहावीच्या इतिहासाच्या कृतिपत्रिकेत आज सर्वांत मोठे उत्तर ३ गुणांचे असते. त्यावर सूचना असते, ‘सविस्तर उत्तरे लिहा’. इतिहासाला २८ गुण, राज्यशास्त्राला १२, वेळ दोन तास. आमच्या पिढीतले कोणीही घरातल्या मुलाची कृतिपत्रिका हातात घेते तेव्हा नजर आधी त्या ३ वर अडखळते. आमचे ‘सविस्तर’ दीड-दोन पानांचे असे. पहिल्या महायुद्धाची कारणे लिहायची म्हणजे आधी चार ओळींची प्रस्तावना, मग लष्करवाद, गुप्त करार, वसाहतींसाठीची स्पर्धा, आक्रमक राष्ट्रवाद असा एकेक मुद्दा, प्रत्येक मुद्द्याच्या मथळ्याखाली पेन्सिलीची रेघ, त्यानंतर साराजेव्हो आणि २८ जून १९१४, आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारे एक भारदस्त वाक्य. पुरवणी जोडल्याशिवाय इतिहासाचा पेपर दिल्यासारखा वाटत नसे.

आम्ही म्हणजे १९७५ नंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत दहावी दिलेले. थोरल्या भावंडांची मॅट्रिक अकरावीला होती, आमची बोर्डाची परीक्षा दहावीला आली. त्या काळी इतिहासाच्या तासाला फळा होता, खडू होता, पुस्तक होते आणि सर किंवा बाई होत्या. उत्तर कसे लिहावे हे मात्र त्या तासाला खरोखर शिकवले जाई. ‘कारणे द्या’ म्हटले की वर्णन करत बसायचे नाही. ‘टीप लिहा’ म्हटले की कोण, कधी, कुठे, काय केले आणि त्याचे महत्त्व काय, एवढेच लिहायचे. ‘परिणाम सांगा’ या प्रश्नाला कारणे लिहिली तर अक्षर कितीही सुंदर असो, भोपळा मिळायचा. पाच गुण असतील तर पाच मुद्दे हवेत, आणि पाचवा मुद्दा आठवत नसेल तर तिसऱ्याचे दोन करायचे नाहीत. तपासणाऱ्याला ते कळते. समास सोडायचा, प्रश्नाचा क्रमांक समासात लिहायचा, नवा प्रश्न नव्या पानावर घ्यायचा. या सूचना वर्षभर इतक्या वेळा कानावर पडत की मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये हात आपोआप तसा चालायचा.

आजच्या मुलाला या सूचना कमी मिळतात, पण प्रश्न जास्त चांगले मिळतात. हे मान्य करायला आम्हांला जड जाते, तरी ते खरे आहे. चुकीची जोडी ओळखून दुरुस्त करा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान सकारण स्पष्ट करा, उतारा वाचून उत्तरे लिहा. यातला उताऱ्याचा प्रश्न तर आमच्या पेपरात असायला हवा होता. समोर चार-सहा ओळी आहेत, त्या नीट वाच, त्यात काय म्हटले आहे ते ओळख, आणि शेवटी तुझे मत लिही. इतिहासाच्या अभ्यासाची पहिली पायरी हीच. आम्ही ती पायरी न चढताच दहावी पास झालो. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडाच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको ही नावे आज पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी असतात. पुढे वृत्तपत्रे, संग्रहालये, खेळ, नाटक-सिनेमा, पर्यटन अशा वाटांनी ते पुस्तक इतिहासाकडे जाते. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, ही आमची समजूत त्या पुस्तकाने मोडून काढली आहे.

आमच्या अभ्यासाचा कणा होता सनावळी. पहाटे गच्चीवर, चाळीच्या गॅलरीत, गावाकडे ओट्यावर किंवा बांधावर फेऱ्या मारत आम्ही साले पाठ करायचो. १७६१ पानिपत, १८०२ वसईचा तह, १८१८ पेशवाईचा शेवट, १८४८ साताऱ्याचे संस्थान खालसा, १८५७ चा उठाव, १८७३ सत्यशोधक समाज, १८८५ राष्ट्रीय सभा, १९२७ चवदार तळे. कागदाच्या लांब पट्टीवर कालरेषा काढून ती भिंतीला चिकटवणारी मुले होती. लक्षात ठेवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगत असू. फुल्यांची मुलींची शाळा आणि साताऱ्याचे संस्थान खालसा होणे एकाच वर्षातले, हे ज्याने पहिल्यांदा हेरले त्याला त्या दिवशी वर्गात मान होता. आता वाटते, तो साधासा शोध म्हणजेच इतिहास होता. दोन वेगवेगळ्या धड्यांतली साले शेजारी ठेवली की दिसते, एकाच काळात एक सत्ता संपत होती आणि एक नवे जग उघडत होते. पण वर्गात तेवढ्यावर थांबून विचार करायला कोणाला वेळ नसे. पुढचे साल पाठ करायचे असे.

आणि ज्याला साले पाठ होत नसत त्याचे हाल होत. तळहातावर छडी बसे, भर वर्गात उभे राहावे लागे, आणि ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ हा शिक्का कायमचा लागे. गोष्ट उत्तम सांगणारी, नकाशा हुबेहूब काढणारी, किल्ल्यावर सहल गेली की प्रत्येक बुरुजाबद्दल विचारणारी कितीतरी मुले इतिहासात ‘कच्ची’ ठरली, कारण त्यांना सन आठवत नसे. त्या काळाची आठवण काढताना छडीचा आवाज वगळून चालणार नाही.

शिवाय पाठ केलेले साल कुठून आले, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माचेच उदाहरण घ्या. घरातल्या जुन्या पुस्तकात १६२७ सापडायचे, दुसरीकडे १६३० असायचे. दोन्ही छापलेले, दोन्ही ठाम. आम्ही विचारले की उत्तर मिळे, ‘पुस्तकात आहे ते लिही.’ परीक्षेपुरता तो सल्ला बरोबर होता. पण त्या दोन आकड्यांच्या मागे केवढी मोठी गोष्ट होती! लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात १६३० ची नोंद मिळाली, त्यावर इतिहासकारांनी कित्येक वर्षे वाद घातला, साधने एकमेकांशी ताडून पाहिली, आणि पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका जन्मतारखेचा हा प्रवास एका तासात सांगितला असता तर इतिहास कसा लिहिला जातो ते आम्हांला जन्मभरासाठी कळले असते. आम्हांला फक्त आकडा मिळाला.

आजच्या नववीच्या पुस्तकात पहिला धडा साधनांचा आहे: लिखित, भौतिक, मौखिक, दृक्-श्राव्य. दहावीत वि. का. राजवाडे भेटतात. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचे दप्तर मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढणाऱ्या या माणसाचे नाव आम्ही संस्थांच्या पाट्यांवर वाचले, प्रश्नपत्रिकेत ते क्वचितच आले. १८५७ च्या उठावाची राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि तात्कालिक अशी सगळी कारणे आम्हांला तोंडपाठ होती. मात्र वरसईचे विष्णुभट गोडसे नावाचे एक भिक्षुक त्याच धामधुमीत झाशीत होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले मराठीत लिहून ठेवले आणि ते ‘माझा प्रवास’ म्हणून १९०७ मध्ये छापले गेले, हे कळायला आम्हांला पुढची कित्येक वर्षे लागली. दत्तकविधान नामंजूर झाल्याचे आम्ही प्रत्येक परीक्षेत लिहिले, आणि त्यामुळे पेटलेल्या शहरात अडकलेल्या आपल्याच भाषेतल्या माणसाची आम्हांला ओळख नव्हती. महात्मा फुले आमच्या वाट्याला टिपेपुरते आले, सावित्रीबाई त्या टिपेतल्या एका ओळीपुरत्या. आजचे पुस्तक या बाबतीत आमच्या पुस्तकापेक्षा न्यायाने वागते.

मग आम्ही कशासाठी हळहळतो? छडीसाठी नाही, घोकंपट्टीसाठी नाही. हळहळ वाटते ती अभ्यास भोवतालच्या माणसांत होत असे त्याबद्दल, आणि सलग लिहिण्याची सवय गेली त्याबद्दल.

जून उजाडला की वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पुस्तके यायची. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांसाठी गर्दी व्हायची. लहान गावांत ही देवघेव घराघरांतच व्हायची. जुन्या पुस्तकाची खरी किंमत त्याच्या समासात असे. धड्यातल्या परिच्छेदाशेजारी आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेले असे, ‘मार्च ८१’, ‘ऑक्टो. ८२’. म्हणजे हा प्रश्न त्या परीक्षेला येऊन गेला. कुठे दोन फुल्या, कुठे ‘महत्त्वाचे’, कुठे कंटाळून काढलेली तोफ. एकाच पुस्तकात तीन वेगवेगळी अक्षरे असली तर आधीच्या तीन मुलांचा अभ्यास आपल्या हाती आला असे समजायचे. मग फेब्रुवारीत अपेक्षित प्रश्नसंच यायचे. ‘२१ अपेक्षित’ ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी संध्याकाळी चार जण जमायचे, कारण प्रत्येकाला तो विकत घेणे परवडायचे नाही. एकाने प्रश्न वाचायचा, दुसऱ्याने मुद्दे सांगायचे, तिसऱ्याने राहिलेला मुद्दा पकडायचा. परीक्षेचा निम्मा अभ्यास असा दुसऱ्याच्या चुका ऐकत व्हायचा. कोणी एखादा मुद्दा चुकीचा सांगितला की तेवढ्याने वाद पेटायचा, आणि एकदा वाद झालेला मुद्दा कोणी विसरत नसे.

आज पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळते, त्याच्या पानावर क्यूआर कोड असतो, आणि तो मोबाइलने टिपला की धड्याचे व्हिडिओ उघडतात. जुन्या कृतिपत्रिका, नमुना उत्तरे, एका पानाची टिपणे हे सगळे परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरत असते. ज्या गावात इतिहासाचा शिक्षक वर्षानुवर्षे नव्हता, तिथल्या मुलीला आज उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाचा तास घरबसल्या ऐकता येतो. आमच्या वेळी तिला घरकाम आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात एकटीने वाचावे लागे, आणि ‘हे बरोबर आहे का’ हे विचारायला कोणी नसे. हा बदल लहान नाही, आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

पण आज मूल उत्तर ऐकते, पाहते, टिपून ठेवते. ते स्वतः तोंडाने कमी सांगते. फळ्यावरचे मुद्दे उतरवून घ्यायचा वेळही आता लागत नाही, फोटो काढला की काम होते. फोटोतले मुद्दे आपल्या वाक्यांत कसे गुंफायचे, हा अभ्यास मात्र मोबाइल करून देत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले, परीक्षेची भीती कमी झाली, ते चांगलेच झाले. त्याची दुसरी बाजू अशी की सलग, मोठे, विचार बांधून लिहिलेले उत्तर मुलाला पहिल्यांदा लिहावे लागते ते थेट नववीत, आणि तिथेही ३ गुणांपुरते.

करोनामुळे मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि २०२१ ला परीक्षाच झाली नाही. त्या वर्षीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ती मुले बराच काळ पडद्यासमोर एकटी बसून शिकली. त्यांच्या गुणांची चेष्टा झाली, आणि ती फार वाईट वाटली. गुणांवर वाद घालण्यात आपला समाज पटाईत आहे. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले तेव्हा राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. महाराष्ट्रभर यावर चर्चा झाली. त्या सगळ्या चर्चेत, मुलांना चार परिच्छेद नीट लिहिता येतात का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आमच्या घरात उत्तरे म्हणून घ्यायचे काम आईकडे असे. स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचे, पुस्तक आईच्या हातात द्यायचे, आणि प्रश्न तिने विचारायचे. बहुतेक आया सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या. त्या पुस्तकात बोट ठेवून आमचे प्रत्येक वाक्य पडताळून पाहायच्या. ‘लष्करी कारण राहिलं तुझं,’ असे म्हणून तव्यावरची भाकरी उलटायच्या. दोन-तीन मुलांच्या दहाव्या झाल्या की त्या माउलीला फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे तिच्या मुलांपेक्षा चांगली येत. ज्या मुलींची शाळा सातवीत सुटली त्यांनी दहावीचा इतिहास असा मुलांच्या तोंडून ऐकून पुरा केला. त्यांची परीक्षा कोणी घेतली नाही, आणि त्यांना प्रमाणपत्रही मिळाले नाही.

त्या म्हणून घेण्यात आणखी एक गोष्ट घडे. उत्तर मध्येच तोडले जाई. सातारा-सांगलीकडच्या घरांत १९४२ चा धडा चालू असला की कोपऱ्यातून आजी बोलायची. प्रतिसरकारच्या काळात रात्री अंगणात कोण येऊन जेवून गेले, कोणाला कणगीमागे लपवले, पोलिस आल्यावर काय सांगितले. मराठवाड्यातल्या घरांत १७ सप्टेंबर १९४८ ही नुसती तारीख नव्हती. रझाकारांच्या भीतीने गाव सोडून गेलेली माणसे त्याच घरात होती. गिरणगावात संयुक्त महाराष्ट्राचा धडा काढला की कोणाचे काका फ्लोरा फाउंटनच्या मोर्चाबद्दल सांगू लागत. आम्ही कंटाळायचो. ‘आजी, हे पेपरात येत नाही,’ असे म्हणून पुन्हा पुस्तकाकडे वळायचो. आणि ते खरेच होते. पेपरात ते येत नव्हते. प्रतिसरकारवर टीप लिहायची तर नाना पाटलांचे नाव, साल आणि चार कामे पुरत. जिने ते दिवस काढले होते ती समोर बसली होती, आणि तिच्या सांगण्याला अर्धा गुणही नव्हता.

आज नववीचे पुस्तक ‘मौखिक साधने’ शिकवते. मुलांना सांगते की ओव्या, लोकगीते, आठवणी, मुलाखती यांतूनही इतिहास मिळतो. आपल्या परिसरातल्या वयस्कर माणसांशी बोला, असे शिक्षकही सांगतात. अभ्यासक्रमाने दार उघडले, पण तोवर ती आजी गेली. तिच्याबरोबर त्या रात्रीही गेल्या. आम्हांला आमच्या शाळेची खरी तक्रार हीच वाटते: ज्यांना ऐकायला हवे होते ते घरात होते, आणि त्यांना गप्प करणे म्हणजे अभ्यास, असे आम्हांला वाटत राहिले.

तरी एक गोष्ट अजून हातची गेलेली नाही. नववीच्या त्याच पुस्तकाचा बराचसा भाग १९६० नंतरच्या भारतावर आहे. बँकांचे राष्ट्रीयीकरण, आणीबाणी, १९८२ चा गिरणी संप, हरितक्रांती, दूरदर्शन, बदलते राहणीमान. हा सगळा काळ आम्ही पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात दगड फोडायला गेलेली आई ज्यांना आठवते, शाळेत मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो ज्यांनी खाल्ला, आणीबाणीत घरातली मोठी माणसे कोणत्या विषयावर आवाज खाली आणत ते ज्यांनी पाहिले, १८ जानेवारी १९८२ नंतर ज्यांच्या चाळीतून गावाकडे बिऱ्हाडे हलली, ती माणसे आज साठीच्या आसपास आहेत. तेव्हा आजी साधन होती. आता ती जागा आमची आहे. आणि आमचीही नातवंडे, मुले, पुतणे तसेच म्हणतील, ‘हे पेपरात येत नाही.’

ते आजही पुष्कळ अंशी खरे आहे. कृतिपत्रिकेत गिरणी संपावर दोन गुणांचे ‘सकारण स्पष्ट करा’ येईल. त्यात चाळ रिकामी झाल्याचे सांगायला जागा नाही. पण परीक्षेच्याच दृष्टीने पाहिले तरी ज्या मुलाने संपाची हकिकत कोणाच्या तोंडून ऐकली आहे, त्याला ‘गिरणी कामगारांच्या संपाने मुंबईचे औद्योगिक चित्र बदलले’ अशा विधानामागची कारणे पाठ करावी लागत नाहीत. ती त्याला सुचतात. आठवण सांगणाऱ्याने तारीख चुकवली, तर पुस्तक काढून ती ताडून पाहता येते. दोघांचे सांगणे जुळले नाही, तर का जुळले नाही हे शोधता येते. आम्हांला १६२७ आणि १६३० बद्दल जे कोणी शिकवले नाही, ते या मुलांना स्वयंपाकघरात शिकता येईल.

उत्तराच्या लांबीचे मात्र शाळेलाच पाहावे लागेल. प्रश्नपत्रिका बदलणे शिक्षकाच्या हातात नसते, पण वर्गातला सराव त्याच्या हातात असतो. तीन गुणांच्या उत्तराचा सराव तीन गुणांपुरताच करायचा, असा नियम कोणी केलेला नाही. ज्याला एका प्रश्नावर दोन पाने लिहिता येतात, त्याला त्यातल्या सहा ओळी निवडता येतात. ज्याने फक्त सहा ओळींचाच सराव केला, त्याला अकरावीत दोन पाने समोर आली की घाम फुटतो. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्या वर्षाच्या वहीत त्यांना हेच दिसते: मुद्दे असतात, माहिती असते, पण एका मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध काय ते लिहिलेले नसते. ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘याउलट’, ‘तरीही’ हे शब्द गळालेले असतात, आणि कारण-परिणामाची साखळी याच शब्दांत असते. आमच्या उत्तरांत विचार उसना होता, पण साखळी होती. यांच्या उत्तरांत विचार स्वतःचा आहे, साखळी राहून जाते. हा दोष मुलांचा नाही. त्यांना चौकटी भरायला दिल्या, त्यांनी चौकटी चोख भरल्या.

प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचायची सवयही यातच येते. मध्यंतरी ती दहा मिनिटे आधी हातात पडत असे. २०२३ पासून सुरुवातीची ती दहा मिनिटे बंद झाली आणि वेळ शेवटी वाढवून मिळतो. म्हणजे वाचायला वेळ आहे, फक्त तो मुलाने स्वतः काढायचा आहे. घाई न करता आधी सगळे प्रश्न वाच, कोणते दोन सोडवायचे ते ठरव, मग पेन उचल, हे आमच्या सरांचे सांगणे आजही तितकेच लागू आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती, की नववी-दहावीच्या वर्गात आठवड्याला एक प्रश्न निवडा, ज्याचे उत्तर पानभर लिहावे लागेल, आणि त्यातली दोन उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्या. गुण देऊ नका, लाल पेन काढू नका. फक्त ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारा. आणि आमच्या वयाच्या वाचकांना सांगणे असे, की घरात नववीचे मूल असेल तर त्याचे इतिहासाचे पुस्तक आज मागून घ्या. १९६० नंतरचा एक धडा वाचा. त्यातले तुम्ही काय पाहिले, ते त्याला सांगा, आणि तुमचे सांगणे संपल्यावर त्याला ते पानभर लिहायला लावा. त्याने ‘हे पेपरात येत नाही’ म्हटले तरी ऐकू नका.